गल्लीतला बिबट्या, भिंतीवरचा वाघोबा

२००४ चा जून. पावसाळा तोंडावर आलेला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये दिवेलागणीलाच दारे लागत होती. त्या एका महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत नऊ-दहा माणसे दगावली. घरात शौचालय नसल्याने अंधारात बाहेर जावे लागणारी माणसे आणि अंगणात खेळणारी लहान मुले यांच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर होता. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘नरभक्षक’ रोज येऊ लागला. वनखात्यावर चहूकडून टीकेची झोड उठली, जागोजागी पिंजरे लागले, आणि बिबटे आणि मुंबई एकत्र नांदूच शकत नाहीत हे जणू सर्वांनी गृहीतच धरले.

त्यानंतर बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पहिले बक्षीस एका मुंबईकराने पटकावले. ९५ देशांतून सुमारे ५०,००० छायाचित्रे आली होती. बक्षीस मिळालेल्या छायाचित्रात होती आरे वसाहतीतल्या पाड्यातली एक अरुंद गल्ली, रात्रीची वेळ, आणि घरांच्या भिंतीलगत आपल्या वाटेने निघालेला बिबट्या. त्याचे नाव ‘द अ‍ॅली कॅट’, छायाचित्रकार नयन खानोलकर.

प्राणी तोच आणि शहरही तेच. मधल्या बारा वर्षांत बदलली ती त्याच्याकडे बघण्याची तऱ्हा. तो बदल कोणा एकाचा नव्हे. जंगलात किंवा जंगलाच्या काठावर ठाण मांडून बसलेल्या, पाहिलेले टिपून ठेवणाऱ्या निरनिराळ्या माणसांचा तो आहे. त्यातले काही शास्त्रज्ञ होते, काही सिनेमावाले, आणि काहींच्या हातात शेकडो वर्षांपासून तांदळाच्या पिठाची वाटी आणि बांबूची काडी होती.

आधी भूगोल. कांदिवलीच्या दोन टोकांना दोन जंगले आहेत, हे खुद्द कांदिवलीकरांच्याही फारसे लक्षात येत नाही. पूर्वेला महामार्ग ओलांडला की दामूनगरच्या मागे राष्ट्रीय उद्यान सुरू होते: १०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक डोंगर, तलाव, कान्हेरीची लेणी आणि बिबटे. पश्चिमेला लिंक रोड ओलांडून चारकोपला पोहोचले की १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने आखलेले छोटे छोटे प्लॉट, त्यांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्या, सेक्टरांचे आकडे; आणि शेवटच्या सेक्टरच्या भिंतीपलीकडे तिवरांचे रान, म्हणजे कांदळवन, मनोरीच्या खाडीपर्यंत पसरलेले. त्या रानात बिबटे नाहीत, कोल्हे आहेत. ही पश्चिमेची बाजू पुढे पुन्हा येईल. आधी पूर्वेकडे जाऊ, कारण चित्रे तिकडे निघाली.

आरे वसाहतीत आणि उद्यानाच्या पोटात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. आरेची दुग्ध वसाहत १९४९ मध्ये वसली. पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. वारल्यांच्या घरात लग्न निघाले की कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल केली जाते आणि तिच्यावर सवाशिणी चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, भोवती झाडे, माकडे, मोर, शिकारी, ताडावर चढणारा माणूस. रंग एकच, पांढरा, तांदळाच्या पिठाचा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे एक वर्तुळ, पण झाड मात्र पान न् पान दाखवून काढलेले. माणसापेक्षा झाडावर जास्त वेळ खर्च करणारी ही कला आहे, आणि हे प्रमाण कोणी शिकवलेले नव्हे.

या भिंतींवर वाघोबाही असतो. शिवारात, वाटेच्या कडेला त्याची ठाणी असतात. दगडाची किंवा लाकडाची, शेंदूर लावलेली, काहींवर सूर्य-चंद्र कोरलेले. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात, आणि त्या बदल्यात त्याने माणसांना व गुरांना सांभाळावे असा हा करार. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद केली. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वारली बिबट्याला भीत नाहीत असे मुळीच नाही. भितात, म्हणून तर नैवेद्य. पण तो इथे असणारच, हे त्यांनी कधी वादाला घेतले नाही.

भिंतीवरची ही चित्रे बाहेरच्या जगाला दिसली ती सत्तरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणूच्या बाजूला पाड्या-पाड्यांत फिरून वारल्यांच्या हातात कागद दिला. लग्नाचा चौक हे बायकांचे काम; पण गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी काडी हातात घेतली आणि लग्नाची वाट न पाहता ते रोज चित्रे काढू लागले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज वारली चित्रे उशांच्या अभ्र्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. त्यांतून वाघोबा बहुतेक वेळा गळालेला असतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारी माणसे तेवढी ठेवली जातात, कारण ती दिवाणखान्यात शोभतात.

आता पुन्हा २००४ कडे. हल्ले अचानक का वाढले याचे एक उत्तर मुंबईबाहेर, जुन्नरला सापडले. तिथे उसाच्या पट्ट्यात दिसणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडले जात. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी मांडले, तेव्हा जुन्नर भागातले माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे दिसले. परक्या मुलखात टाकलेला, बिथरलेला प्राणी माणसावर उलटण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले गेले होते. म्हणजे त्या जूनमधल्या मृत्यूंमागे जंगलाइतकाच माणसाचा सद्हेतूही उभा होता. पकडून सोडण्याचे हे प्रकार आवरते घेतल्यावर हल्ले पुष्कळ कमी झाले.

पण आकडे लोकांच्या गळी उतरत नाहीत. गळी उतरली ती एका बिबट्याची गोष्ट.

२००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने आणि अत्रेय यांच्या गटाने त्याला बाहेर काढले, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. शांत स्वभावावरून त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. तो घाटात थांबेल अशी अपेक्षा असावी. आजोबा चालायला लागला. पट्ट्याकडून येणारे ठिपके नकाशावर पश्चिमेला सरकू लागले. कसाऱ्याकडे त्याने आग्र्याचा महामार्ग ओलांडला, रेल्वे ओलांडली, वसईची खाडी पोहून पार केली, आणि साधारण १२० किलोमीटर अंतर कापून पंचविसेक दिवसांत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात येऊन ठेपला. वाटेत असंख्य गावे, असंख्य माणसे. त्याने एकालाही हात लावला नाही.

हा प्रवास म्हणजे एका अर्थाने बिबट्याने स्वतःच काढलेले चित्र. मुंबईच्या डोक्यात ‘जंगल तिकडे, शहर इकडे’ अशी जी ठळक रेघ होती, ती त्या ठिपक्यांनी पुसून टाकली. डिसेंबर २०११ मध्ये महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने आजोबा मेला. शेपटीतल्या चिपवरून त्याची ओळख पटली. मे २०१४ मध्ये सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट आला. उर्मिला मातोंडकर यांनी त्यात बिबट्याच्या मागावर असलेल्या संशोधिकेची भूमिका केली होती. सिनेमा तिकीटबारीवर फार चालला नाही आणि सिनेमा म्हणून त्यात ढिलाईही बरीच आहे. तरी बिबट्याला नाव आहे, त्याला कुठेतरी जायचे असते, एवढी गोष्ट तो घराघरांत पोहोचवून गेला. वर्तमानपत्रांनी दहा वर्षांत जे केले नव्हते ते त्याने दोन तासांत केले.

जंगलात मुक्काम ठोकून पाहिलेले मांडण्याची सवय मराठीला नवी नाही. व्यंकटेश माडगूळकर लिहीतही होते आणि रेखाटतही होते. विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलावरचे त्यांचे ‘नागझिरा’ १९७९ चे. किरण पुरंदरे यांनी त्याच नागझिऱ्यात चारशे दिवस काढले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले. पण अशी जंगले पुण्या-मुंबईच्या वाचकापासून एका रात्रीच्या प्रवासाइतकी लांब होती. तिथल्या वाघाबद्दल प्रेम वाटणे सोपे होते, कारण तो आपल्या सोसायटीच्या फाटकाशी येणार नव्हता. मुंबईतल्या मंडळींपुढचे काम त्याहून अवघड होते.

ते काम २०११ मध्ये पद्धतशीर सुरू झाले. उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांनी अत्रेय यांच्या साथीने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात वनखात्याच्या लोकांचे प्रशिक्षण होते, वस्त्यांमधल्या बैठका होत्या, आणि पत्रकारांशी सविस्तर बोलणे होते: बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला असे नव्हे, गर्दी जमवली की प्राणी बिथरतो, कचरा साठला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या. हळूहळू मथळ्यांचा सूर उतरला.

मग मोजणी. २०१४-१५ च्या हिवाळ्यात निकित सुर्वे या तरुण संशोधकाने उद्यान, आरे आणि आसपासच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप लावले. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक बिबट्या ओळखता येतो. ३५ निघाले. २०१८ च्या मोजणीत ४७. जगात बिबटे इतक्या दाटीने राहतात अशा जागा मोजक्याच. त्यांच्या खाण्यातला मोठा वाटा भटक्या कुत्र्यांचा असल्याचे दिसल्यावर आणखी एका अभ्यासगटाने हिशेब मांडला, की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत. महापालिकेला जे जमत नाही ते फुकटात करणारा कर्मचारी, असे विनोदही मग झाले.

खानोलकरांचे छायाचित्र या सगळ्यानंतर आले, आणि म्हणूनच ते इतके नेमके उतरले. उद्यानाच्या बिबट्यांमागे त्यांनी कित्येक महिने घालवले होते. बिबट्याचा देखणा चेहरा जवळून टिपणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. बिबटे आणि वारली एकाच गल्लीत कसे राहतात ते त्यांना दाखवायचे होते. आधी पाड्यातल्या लोकांना योजना समजावून सांगावी लागली, कारण कॅमेरा त्यांच्या दारात बसणार होता. बिबट्याची नेहमीची वाट कोणती हे ठाऊक असलेलीही तीच माणसे. मग जागा ठरली. फ्लॅश असे बसवले की गल्लीत रात्री जो दिव्यांचा उजेड असतो तसाच वाटावा. कॅमेराही मुद्दाम असा लावला की बिबट्या आला तर चौकट त्याने व्यापू नये. भिंती, पत्रे, गल्ली यांनाही तेवढीच जागा मिळावी. हवे ते चित्र मिळायला चार महिने लागले. एका रात्री बिबट्या आला, कॅमेऱ्याच्या ‘क्लिक’च्या दिशेने त्याने एक ओझरती नजर टाकली आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

चौकटीत प्राणी मोठा न करण्याचा हा निर्णय साधा नाही. वन्यजीव छायाचित्रणात उलटे करायची रीत आहे: माणसाच्या खुणा काढून टाकायच्या, विजेच्या तारा कापायच्या, जंगल शुद्ध दाखवायचे. खानोलकरांनी घरे ठेवली. वारली बाईने चौकात माणूस, झाड आणि जनावर एकाच भिंतीवर लिहावे, तोच हा हिशेब. उद्यानाला खेटून उठणाऱ्या नव्या टोलेजंग इमारतींतल्या लोकांनी वारल्यांकडून शेजारधर्म शिकावा, अशी आशा त्यांनी तेव्हा बोलून दाखवली होती.

त्याच सुमारास इतरांचेही कॅमेरे इथे वळले. डिसेंबर २०१५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये स्टीव्ह विंटर यांची मुंबईच्या बिबट्यांची छायाचित्रे आली, बरोबर वर्षाने बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ मालिकेत शहरांवरच्या भागात रात्रीची मुंबई आणि तिच्यात फिरणारे बिबटे जगाने पाहिले. मुंबईकरांना आपल्या बिबट्यांचा अभिमान वाटू लागला तो बहुधा परदेशी पडद्यावर पाहिल्यावर. आपल्याकडे हे नेहमीचेच.

अभिमान आला म्हणून धोका संपत नाही. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आरेमध्ये सोळा महिन्यांच्या एका मुलीला बिबट्याने नेले. सहजीवनाची छायाचित्रे बघून भारावणारे बहुतेक जण विसाव्या मजल्यावर राहतात; दाराशी दिवा नसलेल्या, शौचालय लांब असलेल्या पाड्यांना त्या सहजीवनाची किंमत मोजावी लागते. रस्त्यावर दिवा, घरात संडास आणि कचऱ्याची गाडी वेळेवर, एवढ्यावर बरेचसे जीव वाचू शकतात.

चित्रांचा खरा कस लागला तो २०१९ मध्ये. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडायची होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने या तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती तीन दिवसांनी, ७ तारखेला आली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. रस्त्यावर उतरलेल्यांत पाड्यांतले आदिवासी होते आणि कॉलेजातली मुलेही. वारली शैलीतली झाडे फलकांवर होती, बिबट्या टी-शर्टांवर होता. पुढे आरेतल्या सुमारे ८१२ एकरांना राखीव वनाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, कारशेड कांजूरमार्गला हलवायचे ठरले, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते पुन्हा आरेत आले. झाडे वाचली नाहीत. पण आरे हे ओसाड गवताळ माळरान नसून जंगल आहे, हे त्यानंतर शहराला पटवून द्यावे लागले नाही.

कारशेडची अशीच एक गोष्ट चारकोपचीही आहे, ती मात्र कोणाला आठवत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोचे भूमिपूजन झाले. गाड्यांचे डेपो चारकोपला आणि मानखुर्दला व्हायचे होते, पण त्या जागा किनारा नियमन क्षेत्रात, तिवरांच्या पट्ट्यात येत होत्या. पर्यावरणाच्या परवान्यांचा घोळ आणि इतर भानगडी यांत प्रकल्प पाच वर्षे रखडला आणि २०१४ मध्ये कंत्राटच रद्द झाले. ना घोषणा, ना फलक, ना कोणाच्या अंगावर तिवराचे चित्र. लढाई झाली ती फायलींमध्ये.

तिवरांना वाचवले ते कायद्याने. ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला आणि त्यांवर भराव टाकायला मनाई केली, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिवरांचे नकाशे करायला लावले. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. २०१८ च्या अंतिम निकालाने बंदी पक्की केली. आकाशातून काढलेला नकाशा न्यायालयात उत्तम पुरावा ठरतो. पण त्यावरून कोणाला चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळे दिसत नाहीत, ओहोटीला खेकड्यामागे जाणारा कोल्हा दिसत नाही. नागपूरचे व्यंगचित्रकार रोहन चक्रवर्ती यांनी मुंबईच्या जैवविविधतेचा सचित्र नकाशा केला आहे, कांदळवन प्रतिष्ठानाने कोल्ह्यांचा अभ्यास हाती घेतला आहे. ही सुरुवात आहे. बिबट्याला जसा ‘आजोबा’ मिळाला, गल्लीतले ते एक छायाचित्र मिळाले, तसे काही चारकोपच्या कोल्ह्याच्या वाट्याला अजून आलेले नाही. अंगणात कुत्र्यासारखे काहीतरी फिरताना दिसले म्हणून मोबाइलवर काढलेल्या थरथरत्या चित्रफिती, एवढेच त्याचे दप्तर.

वर्सोवा ते दहिसर या नियोजित सागरी रस्त्याचा एक टप्पा चारकोप ते गोराई असा आखलेला आहे आणि तो याच खाडीपट्ट्यातून जातो. रस्ता व्हावा की न व्हावा यावर मते वेगळी असतील. पण त्या पट्ट्यात आज काय आहे, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात उतरतात, कोल्हे कुठून येतात-जातात, भरतीचे पाणी कुठवर चढते, हे लिहून, रेखाटून, टिपून ठेवण्याचे काम शेवटच्या सेक्टरमधल्या खिडक्यांतून होण्यासारखे आहे. चारकोपकरांनी ते यंत्रे येण्याआधी करावे.